जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण: सरकारी की खासगी विद्यापीठ, आणि अर्ज नेमका कुठे अडतो

नाशिकहून जर्मनीला पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलामुलींपैकी बऱ्याच जणांना सरकारी विद्यापीठ हवे असते, पण हाती प्रवेशपत्र पडते ते खासगी विद्यापीठाचे. गुण कमी पडले असतील असे घरचे समजतात. प्रत्यक्षात पुष्कळदा कागद वेळेत न आल्याने सरकारी विद्यापीठाची तारीख हुकलेली असते आणि उशिरापर्यंत अर्ज घेणारे खासगी विद्यापीठच तेवढे उरलेले असते.

दोहोंतला पैशाचा फरक मोठा आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत, दर सत्राला काहीशे युरोंचे अंशदान मात्र द्यावे लागते. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क सुरू केले आहे. तेव्हा ‘जर्मनीत सगळे फुकट’ हे वाक्य आता सरसकट खरे नाही. खासगी विद्यापीठांचे शुल्क वर्षाला साधारणपणे दहा हजार युरोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते.

पात्रतेत पहिली अडचण श्रेणीची. आपला सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांची सरासरी श्रेणी, जर्मन श्रेणीत बदलला जातो आणि त्या श्रेणीत आकडा जितका लहान तितका निकाल चांगला. दहापैकी सात सीजीपीए असेल आणि उत्तीर्ण होण्याची किमान पातळी चार असेल, तर रूपांतर २.५ येते, अनेक सरकारी अभ्यासक्रमांची मर्यादा नेमकी तिथेच असते. म्हणून किमान उत्तीर्ण श्रेणी कोणती, हे कागदावर दिसणे महत्त्वाचे. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला श्रेणींचे कोष्टक छापलेले असेल तर तीही बाजू स्कॅन करावी. पुढचीच बाजू पाठवून महिनाभर पत्रव्यवहार करत बसलेली मुले मी पाहिली आहेत.

सर्वाधिक नुकसान तारखेच्या चुकीच्या वाचनामुळे होते. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी १५ जुलै ही अनेक ठिकाणची अंतिम तारीख आहे, परंतु परदेशी अर्जदारांसाठी पुष्कळ विद्यापीठे ती मे महिन्यात किंवा त्याआधीही ठेवतात. ज्या विद्यापीठांना युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेकडून आधी प्राथमिक तपासणीचा दाखला, म्हणजे व्हीपीडी, लागतो, तिथे तो दाखला जोडलेला अर्ज अंतिम तारखेच्या आत पोहोचावा लागतो; त्या दिवशी युनि-असिस्टकडे नुसते कागद चढवून भागत नाही. या तपासणीला काही आठवडे लागतात. तिचे शुल्क पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो आहे.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचे, प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे, आणि खासगी विद्यापीठ घेतले म्हणून त्यातून सुटका होत नाही. त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. गर्दीच्या महिन्यांत हे प्रमाणपत्र किती लांबेल याचा नेम नसतो. नाशिकची बहुतांश अभियांत्रिकी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे पदवी प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्टची (सर्व सत्रांच्या गुणांच्या एकत्रित उताऱ्याची) वाट पुण्याकडे पाहावी लागते. महाविद्यालयाच्या खिडकीवर ‘पदवीदानानंतर या’ एवढेच उत्तर मिळते. अर्जदाराची अंतिम तारीख त्या खिडकीला ठाऊक नसते आणि ती जाणून घेण्याची उत्सुकताही दिसत नाही. म्हणून निकाल लागताच तात्पुरते पदवी प्रमाणपत्र काढावे आणि जून-जुलैत निकाल लागणाऱ्यांनी त्याच ऑक्टोबरचा नव्हे, पुढच्या वर्षीचा प्रवेश धरून चालावे.

नावाचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, वडिलांचे आणि आईचे नाव. पासपोर्टवर क्रम निराळा आणि कधी मधले नाव गायब. प्रत्येक अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने लिहावे. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडावे.

खासगी विद्यापीठ हा कमीपणा नव्हे. राज्यमान्य खासगी विद्यापीठाच्या पदवीधरालाही नोकरी शोधण्यासाठी सरकारी विद्यापीठाच्या पदवीधराइतकीच, १८ महिन्यांपर्यंतची परवानगी मिळू शकते. मात्र पैसे भरण्यापूर्वी अनाबिन या जर्मन माहितीकोशात त्या संस्थेपुढे ‘एच प्लस’ हा मान्यतेचा शेरा आहे का ते स्वतः पाहावे आणि अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात चालतो याची लेखी खात्री घ्यावी. प्रामुख्याने ऑनलाइन चालणाऱ्या अभ्यासक्रमावर विद्यार्थी व्हिसा अपेक्षू नये. गंगापूर रोडवर ‘मोफत समुपदेशन’ करणाऱ्याला मोबदला बहुधा खासगी विद्यापीठाकडून मिळतो, हे लक्षात ठेवून त्याचा सल्ला ऐकावा.

राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर भिस्त असलेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठ निवडण्याआधीच जाहिरात वाचावी, कारण तिथे क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि बहुतेक जर्मन खासगी संस्था त्या क्रमवारीत नसतात.

राहिला पैशांचा पुरावा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षासाठी ११,९०४ युरो ठेवणे हा नेहमीचा मार्ग आहे आणि खासगी विद्यापीठाचे शुल्क त्याच्या वर येते. निफाड-दिंडोरीकडची कुटुंबे ही रक्कम द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर कर्ज काढून उभी करू म्हणतात, पण शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जासाठी तारण म्हणून धरत नाहीत. तेव्हा बँकेत आधी जाऊन घर किंवा बिगरशेती प्लॉटवर किती कर्ज मंजूर होते ते विचारावे आणि मगच खासगी विद्यापीठाचा पहिला हप्ता भरावा.