बेडलॅम

बेडलॅम हा इंग्रजी शब्द. कोणाचे बोलणे कोणाच्या कानी पडत नाही अशी आरडाओरड, गलका, सावळा गोंधळ हा त्याचा आजचा अर्थ. संसदेतला गदारोळ असो, वर्गात बाई नसताना चाललेला दंगा असो की गाडी रद्द झाल्यावर फलाटावर उडालेली धांदल, इंग्रजीत या सगळ्याला हा शब्द चालतो. मुळात मात्र ते एका गावाचे नाव आहे आणि ते गाव म्हणजे येशू ख्रिस्ताचे जन्मस्थान बेथलेहेम.

बेथलेहेम लंडनला पोचले ते १२४७ मध्ये. त्या वर्षी सायमन फिट्झमेरी या लंडनच्या प्रतिष्ठित नागरिकाने वेशीबाहेर, बिशप्सगेट भागात, जमीन दान दिली आणि तिथे बेथलेहेमच्या सेंट मेरीच्या नावाने एक मठ उभा राहिला. पॅलेस्टाइनमधल्या बेथलेहेमच्या चर्चसाठी दान गोळा करणे हे त्याचे मुख्य काम. पुढे गोरगरिबांना आणि आजाऱ्यांना तिथे आसरा मिळू लागला आणि चौदाव्या शतकात त्याचा उल्लेख रुग्णालय म्हणून येऊ लागला. १४०३ मध्ये संस्थेच्या कारभाराची तपासणी झाली, तेव्हा तिथे मन ठिकाणावर नसलेले ६ पुरुष आढळले. त्याच वेळी सामानाचीही यादी झाली. तीत हातबेड्यांचे ४ जोड, ११ साखळ्या, ६ कुलुपे आणि पाय अडकवायच्या लाकडी खोड्यांचे २ जोड आहेत. पुढच्या चारशे वर्षांचा इतिहास या यादीतच दिसतो.

लोकांच्या तोंडी बेथलेहेमचे ‘बेथलेम’ झाले आणि मग ‘बेडलॅम’. इंग्रजीत ‘थ’चा ‘ड’ होणे नवे नाही; खुनाला पूर्वी ‘मर्दर’ म्हणत, त्याचेच पुढे ‘मर्डर’ झाले. अर्थ सरकला तो उच्चाराच्या मागोमाग. आधी बेडलॅम म्हणजे ती एक संस्था. सोळाव्या शतकात तो शब्द वेड्या माणसालाही लावू लागले. मग कोणतेही वेड्यांचे इस्पितळ बेडलॅम ठरले आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नुसत्या गलक्यालाही तेच नाव मिळाले. बेडलॅममधून सुटून आल्याचे सांगत भीक मागणाऱ्यांना ‘टॉम ओ बेडलॅम’ म्हणत. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधला एडगर जीव वाचवण्यासाठी हेच सोंग घेतो.

मराठी माणसाला ही वाट अनोळखी वाटू नये. संबळ-तुणतुण्याच्या साथीने देवीपुढे घालायचा तो गोंधळ. त्यात पूजा, गण, आख्यान, आरती असा सगळा क्रम ठरलेला असतो, तरी अव्यवस्थेला आपण त्याच नावाने ओळखतो. आणि ठाणे-येरवडा ही गावांची नावे चेष्टेत कशासाठी घेतली जातात, हेही सर्वांना माहीत आहे.

१६७६ मध्ये संस्था लंडनमधल्याच मूरफील्ड्सच्या नव्या इमारतीत गेली. आराखडा रॉबर्ट हुक यांचा. स्थितिस्थापकतेचा नियम ज्यांच्या नावाने शिकवतात तेच हे हुक. इमारत राजवाड्यासारखी भव्य होती. प्रवेशद्वारावर सिबर या शिल्पकाराचे दोन पुतळे होते: एक खिन्नतेचा, दुसरा साखळदंडांनी जखडलेल्या उन्मादाचा. शहरातले लोक सुट्टीच्या दिवशी इथे रुग्ण ‘बघायला’ येत. दानपेटीत पैसे पडत, म्हणून संस्थेलाही ते हवे असत. बघे खिडक्या-दारांतून रुग्णांना डिवचत, चिडवत, आणि रुग्ण ओरडले की हसत. या शब्दातल्या कोलाहलात बघ्यांचाही वाटा आहे, हे विसरणे रुग्णांवर अन्याय होईल. विल्यम होगार्थच्या १७३५ च्या चित्रमालिकेचे शेवटचे चित्र याच जागेचे आहे आणि त्यात वेड लागलेल्यांच्या गर्दीत भारी पोशाखातल्या दोन स्त्रिया मजा बघत उभ्या आहेत. अशा मुक्त प्रवेशावर १७७० मध्ये निर्बंध आले.

बघे थांबले, पण साखळ्या राहिल्या. १८१४ मध्ये समाजसुधारक एडवर्ड वेकफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथे जेम्स नॉरिस नावाचा अमेरिकन दर्यावर्दी भेटला. गळ्यात लोखंडी कडे, ते आखूड साखळीने भिंतीलगतच्या उभ्या दांड्याला अडकवलेले, अंगाभोवती लोखंडी पट्टा. या स्थितीत त्याने सुमारे दहा वर्षे काढली होती. भेटायला आलेल्यांशी तो शांतपणे, सुसंगत बोलला. तो पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचत असे. त्याचे चित्र छापले गेले, लोक हादरले आणि १८१५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी करायला संसदेची समिती बसली. संस्थेचे डॉक्टर टॉमस मन्रो आणि औषधाधिकारी जॉन हॅस्लम यांना पदे गमवावी लागली. नॉरिसला साखळीतून सोडवले, पण तो फार दिवस जगला नाही.

१८१५ मध्येच रुग्णालय लंडनच्याच सदर्क भागात गेले. तिथल्या इमारतीच्या उरलेल्या भागात १९३६ पासून इम्पीरियल वॉर म्युझियम आहे. त्याआधी, १९३० मध्ये, रुग्णालय लंडनच्या दक्षिणेला बेकनहॅमजवळ मोकळ्या, झाडीच्या जागेत हलले. आज ते ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतले मनोरुग्णालय आहे. सिबरचे दोन्ही पुतळे तिथल्या संग्रहालयात ठेवले आहेत. फाटकावरचे नाव ‘बेथलेम रॉयल हॉस्पिटल’ असे आहे. बेडलॅम हे नाव संस्था स्वतःसाठी वापरत नाही.