मागच्या दारचं सिंक आणि ४३ हा आकडा

गीझर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती लिटरचा देऊ?" आंघोळीच्या बादल्यांचा हिशेब असेल तर ठीक. पण गीझर हवा असतो मागच्या दारच्या सिंकसाठी. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधली अंगणं असोत, घोडबंदर रोडकडची रो-हाउस असोत की गावठाणातल्या आगरी-कोळी घरांच्या पडव्या. मासळी साफ करायला नि मोठी भांडी घासायला बाहेरची जागा लागतेच. तिथे पाणी बादलीत भरून घेत नाहीत, नळ वाहता असतो. आणि वाहत्या पाण्याबद्दल लिटरचा आकडा फारसं काही सांगत नाही.

आधी पाणी किती गरम हवं ते ठरवू. खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं, म्हणून जानेवारीच्या पहाटे ते बाटलीत गोठतं. नारळाच्या रसातल्या कालवणाची कढई गार पाण्याने सुटत नाही, त्याचं कारणही हेच. तूप-वनस्पतीला थोडी जास्त ऊब लागते. ४० अंशांच्या पाण्यात साबण घेतला की काम भागतं. "गरम पाण्याने भांड्यांवरचे जंतू मरतात" असं म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की ज्या पाण्यात जंतू भराभर मरतील त्यात कुणाला हात घालता येणार नाही. भांडी स्वच्छ होतात ती साबणाने आणि घासण्याने. मासळी मात्र गार पाण्यानेच धुवावी. उष्णतेने रक्तातली, बुळबुळीतली प्रथिनं गोठून चिकटतात.

थंडीत टाकीतलं पाणी २४ अंश धरलं, तर आपल्याला १६ अंश चढवायचे आहेत.

आता खरी गंमत. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल ऊर्जा लागते. ३ किलोवॅटची कॉइल सेकंदाला ३,००० ज्यूल देते, म्हणजे मिनिटाला १,८०,०००. भागाकार केला की येतात ४३. नळातून मिनिटाला जितके लिटर पाणी येतं, त्याने ४३ ला भागा. तेवढेच अंश पाणी चढणार. मिनिटाला ३ लिटर सोडले तर १४ अंश (आपल्याला हव्या असलेल्या १६ च्या जवळपास), ५ लिटर सोडले तर साडेआठ, नळ सताड उघडून ८ लिटर सोडले तर जेमतेम पाच. कंपनी कुठलीही असो, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

मग टाकीचं काम काय? समजा, ३ लिटरच्या गीझरमध्ये ६० अंशांचं पाणी तयार आहे आणि नळ मिनिटाला ३ लिटरचा आहे. आत येणारं गार पाणी लगेच मिसळतं असं धरू. कॉइल चालूच असल्याने तापमान शेवटी २४ अधिक १४, म्हणजे ३८ वर स्थिरावणार. सुरुवातीचं ६० आणि शेवटचं ३८ यांत २२ अंशांचं अंतर आहे. टाकीइतकं पाणी नळातून जायला जेवढा वेळ लागतो, इथे एक मिनिट, तेवढ्यात हे अंतर मूळच्या ३७ टक्क्यांवर येतं. पुढच्या मिनिटात उरलेल्याच्या ३७ टक्क्यांवर. हे ३७ टक्के म्हणजे १ भागिले २.७१८, गणितातली प्रसिद्ध 'ई' ही संख्या. म्हणून मिनिटाने ४६, दोन मिनिटांनी ४१, तीन मिनिटांनी ३९. कपातला चहा निवतो तो याच घातांकी वक्राने. प्रत्यक्षात गार पाणी जड असल्याने तळाशी राहतं आणि गरम थर आधी बाहेर पडतो, त्यामुळे वक्र सुरुवातीला सपाट असतो नि मग धाडकन घसरतो. पण थांबतो ३८ वरच.

"आधी कढत येतं, मग कोमट, गीझर बिघडलाय" या तक्रारीमागे बऱ्याचदा हा वक्रच असतो. मोठी टाकी घेतल्याने घसरण लांबते, टळत नाही. उलट १५ लिटरच्या गीझरला सहसा २ किलोवॅटची कॉइल असते, म्हणजे त्याच धारेला चढ फक्त साडेनऊ अंश. शिवाय चार ताटांसाठी अख्खे १५ लिटर तापवायचे. माझं मत सरळ आहे: ३ लिटर, ३ किलोवॅट, आणि नळाच्या तोंडाला धार आवरणारा जाळीचा एरेटर. लिटरभराची बाटली भरायला २० सेकंद लागली, तर धार मिनिटाला ३ लिटरची.

बाथरूमच्या गीझरवरून पाइप ओढायचा मोह टाळा. १५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या दहा मीटर पाइपात पावणेदोन लिटर पाणी मावतं. दर वेळी तेवढं गार पाणी आधी वाया जातं, आणि मागे राहिलेलं गरम पाणी पाइपातच निवतं.

३ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर. १६ अँपिअरचं सॉकेट, पुरेशी जाड वायर, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर वीज गळली तरी पुरवठा तोडणारा आरसीसीबी (सुरक्षा-स्विच) हवाच. आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, तेव्हा सॉकेट भिंतीच्या आतल्या बाजूला आणि गीझरही जमला तर तिथेच. बाहेरच टांगायचा असेल तर किमान आयपीएक्स-४, म्हणजे चहूबाजूंच्या शिंतोड्यांना तोंड देणारा. ऑनलाइन मिळणारे, थेट नळावर बसवायचे "तीन सेकंदांत उकळतं पाणी" वाले स्वस्त हीटर ४३ च्या हिशेबात बसत नाहीत. त्यात अर्थिंगची तार नसेल, तर ओल्या हाताने तो नळ सोडणं जिवावरचं आहे.

समारंभाची पातेली घासायची असतील तर गॅस गीझर. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी चढवायला साडेदहा किलोवॅट लागतात. घरगुती विजेवर ते अवघड, गॅसवर सहज. बंद न्हाणीघरात हाच गीझर कार्बन मोनॉक्साइडने जीव घेऊ शकतो. हिमोग्लोबिनला तो वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. उघड्यावर ती भीती नाही, पण वाऱ्याने ज्योत विझते, म्हणून आडोसा हवा. सिलिंडरचा गीझर पाइपच्या गॅसवर तसाच जोडू नये, दोन्हींचे जेट (गॅस सोडणारी बारीक छिद्रं) वेगळे असतात. शिवाय पाण्याच्या दाबाने आतला पडदा उचलला गेला तरच तो पेटतो. गच्चीवरची टाकी नळापेक्षा तीन मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. गीझरचा किमान दाब याहून जास्त असेल तर पंप लावावा लागेल, नाहीतर विजेचाच बरा.