ठळक अरुंद टंक

लांबून दिसावा म्हणून जाड, कमी जागेत मावावा म्हणून अरुंद, टोकांना सेरिफचे फाटे नसलेला आणि मथळ्याच्या मोठ्या आकारासाठीच घडवलेला टंक, म्हणजे फाँट. छपाईच्या धंद्यात याला सरळ ‘कंडेन्स्ड बोल्ड’ म्हणतात. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपासून वाढदिवसाच्या फ्लेक्सपर्यंत सगळीकडे भेटतो. त्यातला बराचसा मात्र अस्सल नसतो, साधा टंक दाबून केलेला असतो.

वळण मूळचे रोमन लिपीतले. विल्यम कॅस्लन (चौथा) याच्या लंडनमधील ओतशाळेने (छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने) १८१६ मध्ये सेरिफ नसलेला छापील टंक पहिल्यांदा दाखवला. पुढे जाहिरातींच्या भित्तिपत्रकांनी अक्षरे जाड आणि उभट करायला लावली. अमेरिकन टंकरचनाकार मॉरिस फुलर बेंटनचा ‘अल्टरनेट गॉथिक’ १९०३ चा, तर जेफ्री लीने शेफिल्डच्या स्टीव्हन्सन ब्लेक या ओतशाळेसाठी केलेला ‘इम्पॅक्ट’ १९६५ चा. इम्पॅक्ट पुढे मायक्रोसॉफ्टमुळे घरोघरच्या संगणकांत पोचला आणि मीमचा ठरलेला टंक होऊन बसला.

देवनागरीत हे वळण जसेच्या तसे उतरत नाही. रोमन अक्षराच्या उभ्या रेघा जवळ आणल्या की बरेचसे काम भागते. देवनागरीचा मजकूर तीन मजली आहे: शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मधे अक्षराचा देह, खाली उकार आणि ऋकार. रुंदी घटवली तरी मजल्यांची उंची तशीच राहते, आणि जाडी वाढवली की तीही वाढू पाहते. मग दोन ओळींच्या मथळ्यात वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. रचनाकार यावर मात्रा बुटक्या करतो, वेलांटीची कमान चपटी करतो आणि शिरोरेषा उभ्या दांड्यांपेक्षा बारीक ठेवतो. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शिरोरेषा शब्दभर सलग धावते. ती दांड्याइतकीच जाड राहिली तर शब्दावर काळा पट्टा बसतो आणि खालची अक्षरे दबून जातात.

‘बऱ्हाणपूर’ हे नाव घेऊन पाहावे. फारुकी सुलतानांची ही राजधानी आज मध्य प्रदेशात असली तरी रावेर-भुसावळकडच्या एसटीच्या पाटीवर ती असतेच. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ जाडी वाढताच पोकळी बुजवते आणि ‘ब’-‘व’ यांतला फरक पुसला जातो. ‘ऱ्ह’मधली र ची कोर बारीकच ठेवावी लागते, नाहीतर ती ‘ह’च्या वळणाला चिकटते. ‘ण’ला तीन उभ्या दांड्या, तिन्ही पूर्ण जाडीच्या ठेवल्या तर सगळ्या शब्दात तेच अक्षर काळेकुट्ट दिसते, म्हणून डावीकडच्या दोन किंचित बारीक करतात. ‘पू’चा ऊकार पाटीच्या खालच्या कडेला टेकतो तो वेगळाच.

इतकी उस्तवार फ्लेक्सच्या दुकानात कोण करणार? तिथे निम्मी चौकट फोटोंनी व्यापलेली, नाव लांब, वर पद आणि गाव. नाव बसेना की कोरलड्रॉ या संगणकावरच्या मांडणीच्या प्रणालीत कडेचे हँडल धरून ते आत ढकलायचे. साठ टक्के रुंदीला उभ्या दांड्यांची जाडी साठ टक्के होते, आडव्या शिरोरेषेची मात्र शंभर टक्के राहते. जे बारीक हवे ते जाड आणि जे जाड हवे ते बारीक, असा उलटा प्रकार होतो. रस्त्यावरून जाताना आधी शिरोरेषा दिसते, नाव मागून. दाबलेला टंक ओळखण्याची खूणही हीच.

खास अरुंद आखलेले देवनागरी टंक आता फुकट मिळतात, त्यामुळे साधा टंक दाबायला सबब उरलेली नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ २०१४ मध्ये गूगल फाँट्सवर आले. खंडमधल्या पोकळ्या मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत, टेकोची बांधणी चौकोनी आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने २०२२ मध्ये आणलेल्या ‘अनेक’मध्ये जाडी आणि रुंदी स्वतंत्रपणे बदलता येते, त्यामुळे अक्षर आवळले तरी दांड्या रोडावत नाहीत. मराठीपुरती एक गोष्ट तपासावी लागते. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ प्रमाण ठरवले आहेत. बऱ्याच टंकांत मूळ रूपे हिंदी वळणाची असतात आणि मराठी रूपे वेगळी निवडावी लागतात; ती निवडली नाहीत की मराठी फलकावर हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात.

दुकानांच्या फलकांवर या टंकाची गरज कायद्यानेही वाढवली. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. जळगावच्या सराफ बाजारात दुकानाची दर्शनी रुंदी आहे तेवढीच, त्यात दोन लिप्या बसवायच्या, तेव्हा अरुंद अक्षर सोयीचे पडते. बातमीच्या मजकुराला, औषधाच्या वेष्टनावरील बारीक ओळींना किंवा लग्नपत्रिकेला हा टंक वापरू नये. लहान आकारात त्याच्या पोकळ्या शाईने भरतात, आणि पत्रिकेत तो ओरडल्यासारखा वाटतो.

यूट्यूबवरील अहिराणी गाण्यांच्या मुखचित्रांत पिवळे अक्षर आणि त्याला काळी कड हा आवडता प्रकार आहे. कड बाहेर वाढते तशी आतल्या पोकळीतही वाढते, म्हणून कड द्यायची असेल तर टंकाची जाडी एक पायरी कमी घ्यावी. अहिराणीत ‘मन्हा’, ‘तुन्हा’ यांतला ‘न्ह’ वारंवार येतो. अर्धा ‘न’ आणि ‘ह’ यांच्यातली फट सर्वांत आधी बुजते, त्यामुळे टंक निवडताना हा जोड आधी लिहून पाहावा.