क्लबच्या डिंगी शर्यतीत नवख्याला जागा कशी झाली

क्लबच्या डिंगी (म्हणजे लहान, उघड्या शिडाच्या होडीच्या) शर्यतीत पहिल्यांदाच उतरणारा माणूस निकाल पाहून हमखास गोंधळतो. सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडलेली होडी यादीत चौथी असते आणि तिच्या मागून पाच मिनिटांनी आलेली पहिली. पाण्यावर पंचही दिसत नाही. दोन होड्या घासल्या, तर चूक असलेली स्वतःहून बाजूला होते, जागच्या जागी दोन गिरक्या घेते आणि पुन्हा शर्यतीला लागते. या पद्धती रुळायला शंभराहून अधिक वर्षं गेली. ज्याच्याकडे पैसा त्याचीच होडी पुढे, हे टाळण्यासाठी लोकांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. आज हौशी माणूस साध्या होडीतून बिनदिक्कत शर्यतीला उतरतो, तो त्यांच्यामुळेच.

यॉटिंगची, म्हणजे हौसेने शिडाची होडी हाकण्याची, सुरुवात मात्र श्रीमंतांच्या घरची. आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरातला क्लब स्वतःचं मूळ १७२० पर्यंत नेतो आणि जगातला सर्वांत जुना यॉट क्लब म्हणून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या यॉटवर दोर ओढायला, शिडं चढवायला पगारी खलाशी असत. मालकाने सुकाणू हाती धरलंच पाहिजे असं नव्हतं. त्याविरुद्धची भूमिका अमेरिकेत १८७१ मध्ये स्थापन झालेल्या सीवानहाका कोरिंथियन क्लबने आणि इंग्लंडमध्ये १८७२ च्या रॉयल कोरिंथियन क्लबने घेतली: होडी हौशी माणसांनी स्वतः हाकावी. पगारी हात दूर झाले, तरी नवी, वेगवान होडी बांधून घेणाऱ्याची सरशी काही थांबली नाही.

ती थांबवणारी कल्पना निघाली डब्लिनजवळच्या किंग्जटाउनमध्ये, म्हणजे आजच्या डन लिअरीमध्ये. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. थॉमस मिडल्टन यांनी १८८६ मध्ये सुचवलं की सगळ्यांनी एकाच आराखड्याच्या होड्या बांधाव्यात. आकार तोच, शीड तेच. मग जिंकायला उरतं ते फक्त वारा ओळखणं आणि होडी हाताळणं. १८८७ मध्ये ‘वॉटर वॅग’ नावाच्या १३ फुटी होड्यांचा ताफा पाण्यात उतरला. एकाच आराखड्याच्या डिंगींचा हा पहिला वर्ग मानला जातो. १९०० मध्ये वॉटर वॅगच्या खेळाडूंनी थोडी मोठी होडी स्वीकारली. तिचा आराखडा होडीबांधणी करणाऱ्या जेम्स डॉइल यांची मुलगी मेमी डॉइल हिने केला होता. त्या काळात एका स्त्रीने आखलेल्या या होड्या आजही त्याच बंदरात शर्यती करतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

वेगाची ओढ अर्थात संपली नाही. १९२८ मध्ये होड्या आखणाऱ्या उफा फॉक्स यांच्या ‘अ‍ॅव्हेंजर’ने दाखवून दिलं की डिंगी पाणी कापत न जाता पाण्यावरून घसरत पळू शकते. दहा वर्षांनी पीटर स्कॉट आणि जॉन विंटर यांनी ट्रपीझ वापरलं. डोलकाठीला अडकवलेल्या तारेच्या आधाराने पूर्ण शरीर होडीबाहेर झोकून द्यायचं, म्हणजे होडी कलत नाही. ते शर्यत जिंकले आणि त्यांच्या वर्गात लगेच ट्रपीझवर बंदी आली. हेच स्कॉट पुढे निसर्गसंरक्षक म्हणून जगाला माहीत झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर होडी खऱ्या अर्थाने आवाक्यात आली. लाकडाच्या पातळ पट्ट्या उष्णतेने साच्यात चिकटवण्याचं विमानबांधणीतलं तंत्र फेअरी मरीन या होडीबांधणी कंपनीने होड्यांना लावलं. त्यातून आलेली ‘फायरफ्लाय’ १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये होती आणि तीत डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनी आपल्या चार सुवर्णपदकांपैकी पहिलं मिळवलं. १९६२ ची ‘मिरर’ तर घरीच बांधायची: प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि सांधे फायबरग्लास पट्टीने बुजवायचे. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, शिडं लाल. अशा ७० हजारांहून अधिक होड्या झाल्या. पुढे ब्रूस कर्बी यांनी मोटारीच्या टपावरून नेता येईल अशी ‘लेझर’ आखली. ती १९७१ मध्ये बाजारात आली, १९९६ मध्ये ऑलिम्पिकला पोहोचली. आज तिला आयएलसीए म्हणतात. हल (होडीचा मूळ सांगाडा) आणि शीड प्रमाणित असल्यामुळे क्लबमधला हौशी खेळाडू ऑलिम्पिक खेळाडूच्याच प्रकारच्या होडीत बसतो. हलक्या माणसासाठी हल तोच ठेवून लहान शीड लावता येतं.

पण इतके प्रकार झाले की नवीच अडचण आली. एका क्लबमध्ये चार मिरर, तीन लेझर, दोन आणखी काही. मग वेगळ्या शर्यती घ्यायच्या कशा? महायुद्धानंतर, म्हणजे मिरर आणि लेझर येण्याआधीच, इंग्लंडच्या पोर्ट्समथ परिसरात झिलवुड मिलेज यांनी यावर तोड काढली होती. होडीच्या प्रत्येक प्रकाराला एक क्रमांक द्यायचा. क्रमांक जितका मोठा, तितकी होडी संथ. होडीला लागलेल्या वेळेला १००० ने गुणून क्रमांकाने भागायचं. समजा, १००० क्रमांकाची होडी ६१ मिनिटांत आली. तिची वेळ ६१ च राहते. ११०० क्रमांकाची (लेझर या आकड्याच्या आसपास असते) ६६ मिनिटांत आली, तर तिची सुधारित वेळ ६० मिनिटं आणि तीच विजेती. हे क्रमांक कागदावरच्या मापांवरून काढत नाहीत, क्लबांच्या प्रत्यक्ष निकालांवरून सुधारतात. माणसाच्या कौशल्याचा हिशोब मात्र त्यात नाही, म्हणून काही क्लब खेळाडूला वैयक्तिक हँडिकॅपही (कौशल्यानुसार वेळेची सवलत) देतात. माझ्या मते नवख्यांना टिकवायचं असेल तर प्रत्येक क्लबने ते द्यायला हवं.

नियमांची घडी बसवण्यात अमेरिकेच्या हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांचा मोठा वाटा. अमेरिका कप हा यॉट शर्यतींचा नामांकित चषक तीनदा राखणारे हे गृहस्थ. पत्त्यांच्या काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धतीही त्यांचीच. पाण्यावर कोणी कोणाला वाट द्यायची, हे त्यांनी नव्याने मांडलं आणि १९६० च्या सुमारास ते आंतरराष्ट्रीय नियमांत मुरलं. त्यातलं मूळ सूत्र समुद्रावरचं जुनंच: उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला हक्क, डाव्या बाजूने घेणारीने सरकायचं. चूक मान्य असेल तर दोन गिरक्या, खुणेच्या बोयाला (पाण्यावर तरंगत्या खुणेला) स्पर्श झाला तर एक. मान्य नसेल तर समोरचा ‘प्रोटेस्ट’ असं ओरडतो आणि सुनावणी किनाऱ्यावर होते. सुरुवातीच्या रेषेवर ‘स्टारबोर्ड!’ (म्हणजे ‘माझा वारा उजवीकडून’) अशी हाक कानावर आली आणि वारा आपल्या डावीकडून असला, तर विचार न करता वाट द्यायची, एवढं नवख्याने शर्यतीआधी पक्कं करावं. बाकीचे नियम वळणावळणावर शिकता येतात.