सरकीवरची लव म्हणजे कचरा नव्हे

‘सरकीला पांढरं चिकटलंय, म्हणजे जिनिंग नीट झालेलं नाही,’ हे कोल्हापुरात म्हशी पाळणाऱ्यांकडून वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं अजिबात नाही. सरकी, म्हणजे कापसाचं बी, बोटांत चोळून बघा. जिनिंगमध्ये, म्हणजे कापूस आणि सरकी वेगळी करताना, लांब धागा निघून गेलेला असतो. उरते ती सालीवर वेगळी उगवलेली आखूड, घट्ट लव. हेच लिंटर. जिनिंगमध्ये ते निघतच नाही. तेलगिरणीत दातेरी करवतींच्या यंत्रावर, बहुधा दोनदा, खरवडून काढतात. पहिल्या खेपेचं गाद्यांत जातं. दुसऱ्या खेपेचं कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवून ब्लीच केलं, की जवळजवळ शुद्ध सेल्युलोज मिळतं. त्यातून नेलपॉलिशमधलं नायट्रोसेल्युलोज, चष्म्याच्या फ्रेमचं अ‍ॅसिटेट, तोफांची बिनधुराची दारूसुद्धा! आणि लवीसकट सरकी म्हशीला बेतानं चालते. रवंथ करणाऱ्या जनावराला सेल्युलोज पचतं.