व्हिक्टोरियातील बांधकाम परवाने आणि ॲबोरिजिनल वारसा : कायद्यामागचा इतिहास

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात नदी-ओढ्यापासून २०० मीटरच्या आतील जमीन सर्वसाधारणपणे सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील, म्हणजे ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी) समाजांच्या वारशाच्या खुणा असू शकतील अशी, मानली जाते. तिथे तीन किंवा अधिक घरे बांधण्यासारखे मोठे काम काढायचे असेल, तर वारसा व्यवस्थापन आराखडा, म्हणजे जागेतील वारसा तपासून तो कसा जपायचा हे ठरवणारा दस्तऐवज, मंजूर झाल्याशिवाय नगरपालिकेला नियोजन परवाना देता येत नाही. संपूर्ण जागा पूर्वीच यंत्रांनी मोठ्या प्रमाणात उकरली गेल्याचे सिद्ध झाले, तर मात्र बहुधा ही अट उरत नाही. मेलबर्नमध्ये जमीन घेऊन बांधकाम करणाऱ्या मराठी माणसालाही हा नियम लागू आहे, आणि त्यामागचा इतिहास त्याने जाणून घ्यायलाच हवा.

राज्याच्या १९७२ च्या कायद्याने दगडी हत्यारे, शिंपल्यांचे ढीग, साल काढल्याच्या खुणा असलेली झाडे यांना संरक्षण दिले, पण ते ‘अवशेष’ म्हणून. ज्यांच्या पूर्वजांच्या या वस्तू, त्यांना निर्णयात स्थान नव्हते. त्याआधी मरे ब्लॅक नावाच्या संग्राहकाने मरे नदीकाठच्या दफनभूमी कित्येक वर्षे उकरून शेकडो व्यक्तींच्या अस्थी संशोधन संस्थांना पुरवल्या होत्या. त्या परत मिळाव्यात म्हणून गुंडिचमारा या ॲबोरिजिनल समाजाचे जिम बर्ग १९८४ मध्ये न्यायालयात गेले, आणि १९८५ मध्ये ३८ पूर्वजांच्या अस्थी मेलबर्नच्या किंग्ज डोमेन उद्यानात सन्मानाने पुरल्या गेल्या. वारसा हा संग्रहालयाचा नसून जिवंत समाजाचा आहे, हे राज्याला मान्य करायला लावणारा हा लढा माझ्या मते या इतिहासाचा कणा आहे.

१९८७ मध्ये ॲबोरिजिनल वारसा संरक्षणाच्या केंद्रीय कायद्यात व्हिक्टोरियासाठी स्वतंत्र भाग जोडला गेला. पुढे राज्याचा ॲबोरिजिनल वारसा कायदा २००६ मध्ये संमत होऊन मे २००७ पासून अमलात आला. त्यानुसार वुरुंजेरी, बुनुराँग, वादावुरुंग यांसारख्या ॲबोरिजिनल समाजांच्या नोंदणीकृत संस्था आपापल्या प्रदेशातील आराखडे तपासतात आणि मंजूर करतात किंवा नाकारतात. पाहणीचा आणि गरज पडल्यास चाचणी उत्खननाचा खर्च विकसकाने करायचा असतो. हा खर्च आणि त्यात जाणारा वेळ छोट्या विकसकाला जड जातो, हे खरे आहे. तरीही जमिनीत काय आहे हे यंत्र लावण्यापूर्वीच पाहण्याचा क्रम मला योग्यच वाटतो, कारण उकरलेला थर पुन्हा जसाच्या तसा रचता येत नाही.

तो क्रम चुकला की काय होते, ते पश्चिम ऑस्ट्रेलियात दिसले. पिलबारातील जूकन गॉर्ज येथील, ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराचे पुरावे असलेले प्रस्तरालय (खडकातील नैसर्गिक निवारा) रिओ टिंटो या खाणकंपनीने मे २०२० मध्ये सुरुंगाने उद्ध्वस्त केले. कंपनीला २०१३ मध्येच कायदेशीर संमती मिळालेली होती. तिथल्या ठेव्याचे खरे मोल त्यानंतरच्या उत्खननात उघड झाले, पण दिलेल्या संमतीच्या फेरविचाराची सोय कायद्यात नव्हती. तिथे आणलेला नवा कायदा १ जुलै २०२३ रोजी पूर्णपणे लागू झाला आणि शेतकरी व जमीनमालकांच्या विरोधामुळे त्याच वर्षी मागे घेतला गेला. आता तिथे पश्चिम ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा १९७२ चाच जुना कायदा दुरुस्त्यांसह चालू असून, संमतीनंतर नवी माहिती पुढे आल्यास ती मंत्र्यांना कळवणे बंधनकारक आहे.