लांब पल्ल्याची माउंटन बाइक शर्यत : पाणी, मीठ आणि खाणे यांचे नियोजन (सोलापूर परिसर)

कच्च्या वाटांवरच्या लांब सायकल शर्यतीत स्वाराने तासाला किती पाणी प्यायचे, त्यात मीठ-साखर किती घालायची, काय खायचे आणि वाटेत कुठे खायचे, हे आधी मोजून व सरावात पारखून ठरवण्याची पद्धत. या शर्यतींना मॅरेथॉन किंवा एक्ससीएम (क्रॉस-कंट्री मॅरेथॉन) म्हणतात. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांत त्यांचे अंतर ६० ते १६० किमी. आहे. हौशी स्वाराला त्यासाठी चार-पाच तासांपासून अख्खा दिवस लागू शकतो. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात सुमारे ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा साठवलेला प्रकार), म्हणजे साधारण २,००० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. जोर लावून सायकल मारली तर हा साठा दोन-अडीच तासांत तळाला जातो. पुढे चढ आला की पाय चालत नाहीत, डोके सुन्न होते. सायकलवाले याला ‘बाँक होणे’ म्हणतात.

सोलापूरचे ऊन : एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी असते. या कोरडेपणामुळे फसगत होते. कोकणात घाम अंगावरून ओघळतो आणि दिसतो. इथे तो बाहेर पडतो तसा वाळतो. तुळजापूरच्या घाटाकडे किंवा हिप्परग्याच्या तलावापलीकडे माळावर तीन तास घालवून आलेला स्वार ‘आज घामच आला नाही’ म्हणतो, आणि त्याच्या काळ्या जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. त्यामुळे अंदाजापेक्षा वजनकाट्यावर भरवसा ठेवावा.

घामाचे माप : लघवी करून, कपडे काढून वजन करायचे. शर्यतीच्या वेळेला, शर्यतीच्या जोराने एक तास सायकल चालवायची. परत येऊन अंग पुसून पुन्हा वजन करायचे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम; वाटेत प्यायलेले पाणी त्यात मिळवायचे. हा आकडा माणसागणिक अर्ध्या लिटरपासून दोन लिटरच्याही पुढे जातो, म्हणून मित्राचा तक्ता उतरवून घेण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीतल्या पहाटेचे माप मे महिन्यात चालत नाही. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि सवय झालेल्या शरीराला घाम कमी नव्हे, जास्त येतो.

घामातून गेलेले सगळे पाणी शर्यतीतच भरून काढायची गरज नसते. वजनात सुमारे दोन टक्के घट साधारणपणे निभावते. त्यापुढे दम कमी पडू लागतो. उलटा धोकाही असतो. नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातला सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली घसरतो. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांमध्ये हे आढळले होते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजून हातमोजा घट्ट होणे, गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे उष्णतेच्या त्रासासारखीच दिसतात. अशा माणसाचे वजन मात्र बहुधा वाढलेले असते. त्याला आग्रहाने आणखी पाणी पाजणे घातक ठरते.

बाटलीतले मिश्रण : उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा आणि मग तांब्याभर पाणी द्यायची रीत या भागात जुनी आहे. शर्यतीच्या पेयाचा दोन तृतीयांश भाग त्यात आलाच, राहिले मीठ. आतड्यातून ग्लुकोज एका वाटेने शोषले जाते आणि ती वाट तासाला सुमारे ६० ग्रॅमला भरते. फ्रुक्टोजची (फळांतल्या साखरेची) वाट वेगळी आहे. दोन्ही मिळून दिले तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. घरातली साखर म्हणजे या दोहोंची निम्मी-निम्मी जोडी, त्यामुळे महागड्या जेलवाचून (शर्यतीत खायच्या साखरेच्या घट्ट पाकाच्या पुड्यांवाचून) फारसे अडत नाही. गूळही चालतो, पण गाळून घ्यावा; गाळ बाटलीच्या तोंडात अडकतो.

समजा, स्वार ७० किलोचा आहे, त्याचा घाम तासाला १.२ लिटर आणि शर्यत पाच तासांची. घाम जाणार सहा लिटर. तासाला ९०० मिलि. प्रमाणे साडेचार लिटर प्यायले तर तूट दीड लिटर, म्हणजे दोन टक्क्यांच्या जवळपास. ७५० मिलि.च्या चार बाटल्या लागतील : दोन सायकलवर, दोन वाटेतल्या पाणथांब्यावर भरून. प्रत्येकीत ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ (सपाट पाव चमचा) आणि अर्धे लिंबू. मिठातून बाटलीला सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतो. उरलेले दीड लिटर साधे पाणी पाठीवरच्या, नळीने प्यायच्या पिशवीत. पिशवीत साखर घालू नये. नळीला बुरशी धरते, आणि पडल्यावर जखम धुवायला गोड पाण्याचा उपयोग नसतो. बाटल्यांतून २४० ग्रॅम साखर गेली, दोन केळी आणि दोन-तीन खजुरांतून आणखी साठेक ग्रॅम. तासाला ६० ग्रॅमचा हिशेब इथे पुरा होतो. त्यापुढे, ९० कडे जायचे असेल तर पोटालाही आठवड्यांचा सराव लागतो.

औषधाच्या दुकानातली जलसंजीवनी शर्यतीसाठी घेणारे पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरमध्ये ७५ मिलिमोल सोडियम असतो आणि ग्लुकोज अवघे १३.५ ग्रॅम. जुलाबाने खंगलेल्या माणसासाठी बनवलेले हे पेय आहे. मीठ भरून काढायला ते उत्तम, पण पायांना इंधन म्हणून तोकडे.

काय खावे : सोलापूरचा अभिमान असलेला शेंगदाणा इथे मात्र अडचणीचा. त्यात निम्म्याच्या आसपास तेल असते, ते जठरात रेंगाळते, आणि खडकाळ वाटेच्या हादऱ्यांनी वर येते. शेंगापोळी, चिक्की, चटणी शर्यतीत नको. कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते म्हणून प्रवासाला तिच्यासारखी दुसरी नाही, पण कोरड्या तोंडाने चढावर ती चावून बघावी! शर्यतीआधी दोन-तीन तास इडली किंवा शेंगदाणे वगळलेले पोहे, आदल्या दिवशी भात जास्त आणि चोथा कमी.

कधी खावे-प्यावे : रस्त्यावरच्या शर्यतीत हात मोकळा होतो, माळावर होत नाही. उतारावर, दगडांत, ओढ्याच्या वाळूत दोन्ही हात हँडलला जखडलेले असतात. म्हणून वाट आधी पाहून सपाट तुकडे हेरून ठेवायचे आणि चढ सुरू व्हायच्या आधी खायचे. खजुराच्या बिया घरीच काढाव्यात. घड्याळात पंधरा मिनिटांचा गजर लावलेला बरा. पहिल्या तासात उत्साहात कोणी पीत नाही आणि चौथ्या तासात पोट घेत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बाटलीच्या तोंडावर बसतो, तेव्हा झाकणाच्या बाटल्या वापराव्यात.

कोरड्या हवेचा एक फायदाही आहे. ओला पंचा मानेवर टाकला की माठ गार होतो त्याच न्यायाने अंग गार होते. स्वार बरळू लागला किंवा तोल जाऊन पडला तर मात्र तो उष्माघात समजावा : सावलीत नेऊन, अंगावर भरपूर पाणी ओतून थंड करत रुग्णालय गाठावे.

शर्यतीनंतर घटलेल्या वजनाच्या दीडपट पाणी काही तासांत, खारट जेवणासोबत घ्यावे. शेंगाचटणी आणि आमटीत चुरलेली कडक भाकरी यांची पाळी आता येते.